देवघरातला उलटा माणूस

आवडी, चेन्नई
गुरुवार, दुपार

प्रिय ऊर्मी,

आजोबांचा आशीर्वाद, आणि त्याच्याही आधी एक सूचना. हे पत्र खोलीत एकटी असशील तेव्हा वाच. तुझ्याबरोबर राहणाऱ्या मुलींना मराठी येत नाही हे मला माहीत आहे. पण तू मराठी मोठ्याने वाचतेस, लहानपणी कॅलेंडरवरून अक्षरं शिकवली तेव्हापासूनची सवय आहे. एखादा शब्द अडला तर सोडून पुढे जा, आईला विचारू नकोस. कौमुदीच्या पोटात काही राहत नाही, ती लगेच आजीला फोन लावते. मी फोन का केला नाही म्हणशील, तर मला स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि आपल्या दोन खोल्यांत स्पीकर लावला की स्वयंपाकघरातून तुझी आजीच उत्तरं द्यायला लागते. शेजारचे विजयकुमार उद्या श्रीपेरुंबुदूरला लेकीकडे चालले आहेत, ते तुमच्या हॉस्टेलवर थांबून पत्र तुझ्या हातात देतील. वॉचमनकडे ठेवू नका, हातातच द्या, असं मी त्यांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ते चिडले. चिडू देत.

इकडे ऊन आत्ताच डोळ्यांत जायला लागलंय. कुंड्या मी भिंतीच्या सावलीत ओढून घेतल्या, तर आजी म्हणते तुळशीला ऊन हवं. मी परत बाहेर ओढल्या. जेवण, झोप ठीक आहे. मी ठीक आहे म्हणजे पायाला थोडी सूज येते, पण ती उन्हाची असेल. आजी जिना चढताना हल्ली मधल्या पायरीवर बसते. पूर्वी वर येऊन बसायची. खाली उभा राहून मी विचारतो काय झालं, तर म्हणते पायरी थंड आहे, बरं वाटतं. पायरी थंड असते हे खरं आहे, म्हणून मला पुढे बोलता येत नाही.

दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, तेव्हा तूही होतीस. हृदयातून रक्त बाहेर जायचं जे दार आहे ते आजीचं कडक झालंय, अर्धंच उघडतं. औषधाने ते सैल होत नाही, नवीन बसवायला लागतं. या वयात ऑपरेशनला धोका आहे, पण न करण्यात जास्त धोका आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आजी तेव्हा हो म्हणाली. एकच म्हणाली की पोंगल होऊ दे, ऊर्मी घरी येते, तिला घावणे करून घालते, मग काय कापायचं ते कापा. आणि पोंगलला तू ती भविष्य सांगायच्या पत्त्यांची पेटी घेऊन आलीस.

हे वाचून लगेच रडायला लागू नकोस. तुझी आई सांगते की त्या दिवसापासून तू आवडीला येत नाहीस, फोनवर आजीचं नाव निघालं की गप्प होतेस. तुला दोष द्यायला मी लिहायला बसलो नाही. पण त्या दिवशी काय झालं ते मला एकदा सरळ ओळीत लिहू दे, कारण माझ्या डोक्यात ते सारखं गोल फिरतं आणि मला कुठून धरावं कळत नाही.

तू चटईवर पानं मांडलीस. आईसाठी एक काढलंस, तिला कपांचं काहीतरी आलं आणि ती खूश झाली. मला विचारलंस, मी नको म्हटलं. मी पेपरातलं राशिभविष्यसुद्धा दुसऱ्या दिवशी वाचतो, म्हणजे काल काही झालं नाही हे कळतं आणि बरं वाटतं. आजी नारळ खवता खवता उठून आली, पदराला हात पुसले, डोळे मिटून बसली आणि मग एक पान उचललं. तो माणूस निघाला. उलटा, एका पायाने झाडाला टांगलेला. तुझा चेहरा मी पाहिला, ऊर्मी. तू पटकन हसलीस आणि म्हणालीस, “आजी, घाबरू नको हां. ही फाशी नाहीये. हा मेलेला नाही. बघ ना किती शांत आहे, ह्याला काही होत नाही.” आजीने ते पान हातातून सोडलंच नाही. कपाळाला लावलं आणि देवघरात नेऊन गणपतीच्या बाजूला ठेवलं. तू म्हणालीस आजी, पेटीत एक पान कमी झालं तर बाकीची चालत नाहीत, तर म्हणाली, “बाकीच्यांचा काय करूचा हा? आपला काम झाला.” आपण सगळे हसलो.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलची फाईल काढली तर तिने ती परत कपाटात ठेवली. ऑपरेशन करायचं नाही. का, तर कौल मिळाला.

कौल काय ते तुला नीट माहीत नसेल, तू गावी गेलीस तेव्हा फार लहान होतीस. आमच्या कुडाळकडे मोठं काही ठरवायचं असलं, लग्न, विहीर, जमीन, तर माणसं देवळात जातात. गुरव देवाच्या पाषाणाला पाण्याने पाकळ्या चिकटवतो आणि सगळ्यांसमोर गाऱ्हाणं घालतो, की बाबा, हे तुझं लेकरू अमुक विचारायला आलंय, काय ते खरं सांग. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. एकदा कौल झाला की तोच प्रश्न परत विचारत नाहीत. विचारला तर देवावर विश्वास नाही असं होतं. तुझ्या आजीचं आयुष्य अर्धं त्या कौलावर गेलंय. माझ्याशी लग्न करावं का हाही कौल लावला होता, आणि पाकळी पडायला इतका वेळ लागला की माझे वडील घाम पुसत उभे होते, असं ती अजून सगळ्यांना सांगते. तिच्या लेखी तुझी ती पानं पाकळ्या झाल्या आणि तू गुरव झालीस.

आता तो माणूस रोज सकाळी मला बघायला लागतो. आजी त्याला हळदकुंकू लावते, आवडीच्या बाजारातून आणलेली मोगऱ्याची एक कळी ठेवते. त्याच्या निळ्या सदऱ्यावर आता इतकं कुंकू झालंय की सदरा जांभळा दिसतो. आंघोळ करून मी हात जोडायला गेलो की देवांऐवजी माझी नजर त्याच्याकडेच जाते. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, कारखान्यात क्रेन चालवली, मला असली चित्रं कोण शिकवणार? पण ऑपरेशन अडलं ते ह्या माणसामुळे, मग हा काय म्हणतो ते आपल्याला कळलं पाहिजे असं मी ठरवलं.

पहिली गोष्ट मला दिसली ती वरचा आकडा. जुन्या घड्याळात असतो तसला रोमन बारा. मला बाराव्याचे पिंड आठवले आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आजीला तसला आकडा वाचता येत नाही म्हणून बरं. मग वाटलं हा वेताळ आहे, तो झाडाला असाच उलटा लोंबतो म्हणतात. पण वेताळाला डोक्याभोवती असं पिवळं तेज कोण काढेल? ते तेज तर आपल्या देवांच्या कॅलेंडरवर असतं तसं आहे. मग मी दोर बघितला. दोर एकाच पायाला आहे. दुसरा पाय त्याने मुडपून आरामात मागे घेतलाय, जसा मी खुर्चीत बसल्यावर घेतो. म्हणजे त्याला सुटायची घाई नाही, की सुटता येत नाही? हात पाठीमागे आहेत, बांधलेत की त्यानेच धरलेत ते चित्रकाराने दाखवलं नाही. हे त्याने दाखवायला हवं होतं. ज्या लाकडाला टांगलाय त्याला हिरवी पानं फुटलीत, म्हणजे लाकूड जिवंत आहे. ही चांगली खूण असावी. पण आम्ही क्रेनला एका दोरावर काही टांगलं की ते हळूहळू फिरायला लागायचं, आणि खाली उभ्या माणसाला ओरडून बाजूला करावं लागायचं. हा फिरत का नाही? आणि गाठ कोणी मारली? चेहरा मात्र शांत आहे, ते तू खरं सांगितलंस. इतका शांत चेहरा झोपलेल्याचा असतो नाहीतर गेलेल्याचा, आणि हे मनात आलं की मी देवघराबाहेर येतो.

विजयकुमारांना मी देवघराच्या दारातून दाखवलं. ते चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, “सार, हा तर रिटायर झालेला माणूस. काम नाही, पेन्शन येते, घरच्यांनी टांगून ठेवलाय, आणि तोंडावर समाधान.” त्यांना सगळ्याची चेष्टा सुचते. मग एकादशीला राघोत्तम आले, पंचांगवाले. त्यांचं घराणं तंजावरचं, मराठी आपल्या खापरपणजोबांच्या वेळची आणि मध्ये मध्ये तमिळ. त्यांनी एकदाच पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, “अय्यो, हा त्रिशंकू की हो दत्ताजी! स्वर्गी नाही, भूमीसी नाही. ह्यास देवांपाशी कशास ठेविला?” आजी आतून पाणी घेऊन येतच होती. मला वाटलं आता ती पान उचलून फेकेल. तिने पाणी ठेवलं, त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, “त्रिशंकू काय मेलो नाय. अजून हा तो आकाशात.” राघोत्तम पाणी पिऊन उठले. पंचांग दाखवायचंही विसरले.

मग मी माझ्याकडचा मोठा मुद्दा काढला. आजीला म्हटलं, हा कौल नव्हेच. गाऱ्हाणं कुठे घातलं होतं? तू मनातल्या मनात काहीतरी विचारलंस, ऊर्मीला ते माहीतच नाही, मग ती कशाचं उत्तर देणार? गुरवाला प्रश्न न सांगता कौल होतो का? मला वाटलं ह्यावर तिच्याकडे उत्तर नसेल. ती म्हणाली, “मनातला देवाक कळणा नाय काय? तुमी गप रवा.” आणि वर म्हणाली की तुम्हाला पोरीच्या पानाचा एवढा राग असेल तर तुम्ही उद्यापासून पूजा करू नका. मी दोन दिवस केली नाही. तिसऱ्या दिवशी मलाच चैन पडेना.

तिने विचारलं काय होतं, हे मी सरळ कधी विचारलं नव्हतं. मी धरून चाललो होतो की ऑपरेशन करू का असं विचारलं असेल आणि उलटा माणूस बघून नको असा अर्थ घेतला असेल. तुझ्या आईनेही तेच धरलं, तूही तेच धरलंस. परवा सकाळी ती विळीवर नारळ खवत होती. मध्येच थांबली, तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली. मी विळी ओढून घेतली आणि स्वतः खवायला बसलो. माझं खवणं तुला माहीत आहे, खोबऱ्याबरोबर करवंटीही येते. ती भिंतीला टेकून बघत होती आणि हसायला लागली. मी म्हटलं हसतेस काय, इथे माझा जीव जातोय. तर म्हणाली, “तुमी कित्याक भियातास? माका काय होवचा नाय.” मी म्हटलं कोणी सांगितलं? म्हणाली ऊर्मीने, म्हणजे देवाने. आणि मग सहज, भाजीला मीठ किती घातलं हे सांगावं तसं, सांगितलं. तिने ऑपरेशनचं विचारलंच नव्हतं. तिने विचारलं होतं, मी एवढ्यात जाणार काय? आणि उत्तर मिळालं की हा मेलेला नाही, ह्याला काही होत नाही. मग छाती फाडून घ्यायची गरजच काय, असा तिचा हिशेब.

ऊर्मी, इतके दिवस मी त्या माणसाचे हातपाय तपासत होतो आणि प्रश्नच दुसरा होता. ती घाबरून मागे फिरली नव्हती. आपण सगळे घाबरलो होतो, ती एकटीच निवांत होती. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं, पण मला भयंकर राग आला. हातातली करवंटी आपटून मी ओरडलो, “काय होवचा नाय तर मगे त्या टेबलार झोपाक तुझा काय जाता? तुका देवान सांगल्यान ना? मगे डॉक्टर तुझा काय करतलो?” हे मी विचार करून बोललो नाही. भांडणात माणूस बोलतो तसं तोंडातून गेलं.  तिने विळी परत घेतली आणि माझ्या खोबऱ्यातले करवंटीचे तुकडे वेचत बसली.

संध्याकाळी तिने विचारलं, हॉस्पिटलात स्वतःच्या साड्या नेसू देतात की त्यांचाच झगा घालायला लागतो. काल सकाळी विचारलं, नारळपाणी देतात का. मग फाईल स्वतः कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “तुमचा म्हणणा खरा हा. काय होवचाच नाय तर करून टाकूया. जिनो तरी सरळ चढाक मिळात.” मी त्याच वेळी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तिचं मन बदलण्याआधी. पुढच्या बुधवारी दाखल व्हायचं, गुरुवारी ऑपरेशन. तुझ्या आईने ऑफिसात रजा टाकली आहे. आजी काल गल्लीतल्या बायकांना सांगत होती की परत आले की सगळ्यांना नारळाच्या रसातली खापरोळी करून घालते. तिच्या आवाजात जराही भीती नाही. मला मात्र तोंडात घास फिरतो, कारण डॉक्टरीणबाईंनी धोक्याचं जे सांगितलं ते तिच्या डोक्यातून पार गेलंय आणि माझ्या डोक्यात सगळं राहिलंय.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. तुझी आई म्हणाली की रविवारी तू येणार आहेस, आजीच्या पाया पडून खरं काय ते सांगणार आहेस, की त्या पानाचा अर्थ पुस्तकात वेगळाच आहे, अडकून राहणं, काहीतरी सोडून देणं असा काहीसा, आणि तू त्या दिवशी तिचा चेहरा बघून घाबरलीस म्हणून तिला बरं वाटेल ते बोललीस. ये, पण हे सांगू नकोस. तिने विचारलं तर पोंगलला जेवढं बोललीस तेवढंच बोल, नाही विचारलं तर तिच्या हातचं जेव आणि तिच्याजवळ बस. नवीन पान काढू नकोस, माझ्यासाठी तर नकोच. तिला आत भीतीने जाऊ द्यायचं की असं निवांत जाऊ द्यायचं, हे मी ठरवलंय. ते बरोबर की चूक मला कळत नाही, पण ठरवणारा मी आहे. गुरुवारी सगळं नीट झालं तर हे पत्र फाडून टाक. आणि नीट झालं नाही, तर जपून ठेव. पुढे कधी तुला वाटेल की माझ्या एका पानामुळे आजी त्या टेबलावर गेली, तेव्हा काढून वाच. पान तुझं होतं, पण तिला टेबलावर जा म्हणणारा मी होतो, नारळ खवताना, रागाच्या भरात. तशी वेळ आलीच तर तुझ्या आईला आणि तुला दोघींना वाचता यावं म्हणून हे मी माझ्या हाताने, सही करून लिहितोय.

तुझाच,
आजोबा
(दत्ताजी)